नातेवाईक कोण? : तृतीयपंथी रुग्ण आणि शुश्रूषेचा इतिहास

भारतातील रुग्णालयांचा इतिहास बहुतेक वेळा इमारती, देणगीदार आणि नामवंत शल्यविशारद यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. खाटेवरच्या रुग्णाला रात्री पाणी कोणी पाजले, त्याचे अंग कोणी पुसले, त्याच्या नावापुढे सही कोणी केली, हे प्रश्न त्या इतिहासात क्वचितच येतात. तृतीयपंथी रुग्णांच्या बाबतीत मात्र हेच प्रश्न मुख्य ठरतात. तृतीयपंथी हा शब्द मराठीत हिजडा, जोगता, जोगप्पा अशा परंपरागत समुदायांसाठी रूढ आहे. जन्माच्या वेळी नोंदवलेल्या लिंगाहून निराळी ओळख ज्यांची आहे अशा सर्वांसाठी अलीकडे पारलिंगी हा अधिक व्यापक शब्द वापरला जातो. येथे विचार मुख्यतः हिजडा समुदायाचा केला आहे, कारण आजारपणात आणि शस्त्रक्रियेनंतर माणसाची देखभाल करण्याची स्वतःची अशी एक रीत या समुदायाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, आणि ती रीत आधुनिक रुग्णालयाच्या शेजारी, पण त्याच्या दृष्टीआड, दीडशे वर्षे चालू राहिली.

या रीतीला आर्थिक आधार होता. दख्खनेत मराठा राजवटीच्या काळी हिजड्यांना ठरावीक गावांतून पैसा व धान्य मागण्याचे वंशपरंपरागत हक्क होते, काहींकडे इनाम जमिनीही होत्या आणि त्यांच्या सनदा ते जपून ठेवीत. हे हक्क रक्ताच्या वारसाकडे न जाता गुरूकडून चेल्याकडे जात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई इलाख्यातील कंपनी सरकारने अशा हक्कांना सरकारी पाठिंबा देण्याचे नाकारले, आणि या वादातून उरलेल्या कागदपत्रांवर लॉरेन्स प्रेस्टन या इतिहासकाराने 1987 मध्ये विस्ताराने लिहिले. त्या लेखनाचा रोख राज्यसंस्था आणि हक्क यांच्यावर आहे. तथापि शुश्रूषेच्या दृष्टीने त्याचा आणखी एक अर्थ निघतो. चेल्याने मिळकत गुरूच्या हाती द्यावी, गुरूने त्याला आसरा, नाव आणि समाजात जागा द्यावी, आणि गुरू थकल्यावर चेल्यांनी त्याचे दुखणे-खुपणे काढावे, असा हा व्यवहार होता. गावावरचा हक्क गेला तेव्हा केवळ उत्पन्न गेले असे नाही. म्हातारपणी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सोय ज्या हमीवर उभी होती, तीही डळमळली.

या घरगुती शुश्रूषेचे सर्वांत बांधेसूद रूप निर्वाण या विधीनंतरच्या चाळीस दिवसांत दिसते. निर्वाण म्हणजे जननेंद्रिय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. गुजरातेतील मेहसाणा जिल्ह्यातल्या बहुचराजी येथील बहुचरा मातेच्या नावाने ती होत असे आणि ती करणारी व्यक्ती समुदायातलीच असे. तिला दाई म्हणत. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ सेरेना नंदा यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिजडा समुदायावरील ग्रंथात या काळाचे जे वर्णन आहे, ते मराठी वाचकाला लगेच ओळखू येण्यासारखे आहे, कारण त्याची घडण बाळंतिणीच्या सव्वा महिन्यासारखी आहे. शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीला एकांतात ठेवायचे, तिचे खाणेपिणे बेताचे आणि ठरवून दिलेले ठेवायचे, बाहेरच्या माणसांची दृष्ट तिच्यावर पडू द्यायची नाही, घरातल्या कोणीतरी तिच्याजवळ सतत असायचे. जखम शिवली जात नसे, ती गरम तेलाने शेकली जाई आणि मूत्रमार्ग बुजू नये याची खबरदारी घेतली जाई. चाळिसाव्या दिवशी हळद लावून न्हाऊ घालायचे, नवरीसारखे नटवायचे आणि देवीची पूजा करून समुदायात नव्याने घ्यायचे, अशी सांगता होती.

या काळाकडे धार्मिक विधी म्हणून पाहण्याची सवय अभ्यासकांना लागली आहे, आणि ती चूक आहे असे म्हणता येणार नाही; पण परिचर्याशास्त्राच्या, म्हणजे नर्सिंगच्या, दृष्टीने पाहिले तर त्यात काही गोष्टी स्पष्ट दिसतात. रुग्णाजवळ चोवीस तास माणूस आहे, आहारावर देखरेख आहे, लघवी होते की नाही यावर लक्ष आहे, बाहेरच्यांचा वावर बंद आहे, आणि बरे होण्याचा काळ आधीच ठरलेला असल्यामुळे रुग्णाला कामावर जाण्याची घाई नाही. सरकारी रुग्णालयातून तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी पाठवल्या जाणाऱ्या गरीब रुग्णाला यातल्या कितीतरी गोष्टी कधीच मिळाल्या नाहीत. अर्थात या रीतीचे गोडवे गाण्यातही अर्थ नाही. भूल नव्हती, जंतुसंसर्ग थोपवण्याचे साधन नव्हते, रक्तस्राव थांबला नाही तर देवीचा कौल मिळाला नाही असे समजले जाई, आणि त्यात माणसे दगावत. जी वाचत त्यांच्यातल्या अनेकांना मूत्रमार्ग आक्रसण्याचा त्रास पुढे जन्मभर पुरे. शुश्रूषा उत्तम आणि शस्त्रक्रिया जीवघेणी, असा हा विचित्र मेळ होता.

रक्तस्राव होत असलेल्या माणसाला रुग्णालयात का नेले जात नसे, याचे उत्तर केवळ श्रद्धेत शोधणे मात्र अन्यायाचे होईल. 1860 च्या भारतीय दंडविधानात कलम 320 खाली जबर दुखापतीचे जे प्रकार दिले होते, त्यांत पहिलाच प्रकार पुरुषत्व नष्ट करणे हा होता. त्याच कायद्यातील कलम 377 ने अनैसर्गिक म्हटलेल्या संभोगाला शिक्षा सांगितली होती. अशी जखम घेऊन आलेला रुग्ण म्हणजे पोलिसांना कळवायचे प्रकरण, ज्याला रुग्णालयीन भाषेत मेडिको-लीगल केस किंवा नुसते एमएलसी म्हणतात. दाई, गुरू आणि स्वतः रुग्ण असे तिघेही अडचणीत येण्याची धास्ती असल्यावर दवाखान्याची पायरी चढण्यापेक्षा घरातल्या अंधाऱ्या खोलीत वाट पाहणे अधिक सुरक्षित वाटले असेल, तर त्यात नवल नाही.

वैद्यकाशी या समुदायाची जी अधिकृत गाठ वसाहतकाळात पडली, तीही उपचारासाठी पडली नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग ज्यांना त्याने षंढ म्हटले अशा व्यक्तींविषयी होता, आणि आरंभी तो वायव्य प्रांत, अवध व पंजाब येथे लागू झाला. मुंबई इलाखा त्यात नव्हता. मुलांना पळवणे, त्यांचे पुरुषत्व नष्ट करणे किंवा कलम 377 खालचे गुन्हे करणे यांचा ज्यांच्यावर संशय असेल, त्यांची व त्यांच्या मिळकतीची नोंदवही सरकारने ठेवायची होती. षंढ कोण, याची व्याख्याही कायद्यातच होती: जो पुरुष स्वतः नपुंसक असल्याचे कबूल करतो, किंवा वैद्यकीय तपासणीत तो तसा असल्याचे स्पष्ट दिसते, तो. नोंद झालेल्या व्यक्तीने लोकांना दिसेल अशा रीतीने बायकी वेश केला, नाच केला किंवा वाद्य वाजवले, तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. तिला अज्ञान मुलाचे पालकत्व करता येत नसे, मृत्युपत्र करता येत नसे, दत्तक घेता येत नसे. इतिहासकार जेसिका हिंची यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखवले आहे की, हा समुदाय हळूहळू नाहीसा व्हावा अशीच वायव्य प्रांतातील अधिकाऱ्यांची इच्छा होती. 1911 च्या नव्या कायद्यात हा भाग उरला नाही. तरी सरकारी डॉक्टरसमोर कपडे उतरवणे म्हणजे पुरावा देणे, ही समजूत कायद्याच्या पुस्तकाबरोबर रद्द होणारी नव्हती.

त्याच सुमारास मुंबईत रुग्णालये उभी राहत होती, आणि त्यांची रचना दोन दारांची होती. जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून 1845 मध्ये जे. जे. रुग्णालय सुरू झाले; 1885 मध्ये लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने हिंदी स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांकडून उपचार मिळावेत यासाठी निधी उभारला गेला, आणि 1886 मध्ये केवळ स्त्रिया व मुले यांच्यासाठी कामा रुग्णालय उघडले. परपुरुषाने तपासू नये म्हणून बिनउपचार मरणाऱ्या स्त्रियांसाठी ही सोय अत्यंत मोलाची होती, आणि आनंदीबाई जोशी यांच्या पिढीने तिचे महत्त्व ओळखले होते. परंतु जी व्यवस्था स्त्रीला निर्धास्त वाटावे म्हणून पुरुषाला दाराबाहेर ठेवते, तिला प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत तो कोणत्या दाराचा हे आधी ठरवावे लागते. रोग कोणता हे कळण्याआधी वॉर्ड कोणता हे ठरणे, हा त्या काळापासून भारतीय रुग्णालयाचा शिरस्ता झाला. लुगडे नेसलेल्या, पण केसपेपरवर पुरुष असे लिहिलेल्या रुग्णाला पुरुषांच्या वॉर्डात खाट मिळे. तिथे तिला इतर रुग्णांच्या नजरा, शेरे आणि कधी अंगलट यांना तोंड द्यावे लागे, तर स्त्रियांच्या वॉर्डात बायका हरकत घेत. अशा वेळी व्हरांड्यातली, जिन्याखालची किंवा वॉर्डाच्या टोकाची खाट हा बिनबोलता निघणारा तोडगा असे.

परिचारिकेच्या वाटेनेही काही प्रश्न आले, आणि त्यांची मुळे परिचारिकांच्या स्वतःच्या स्थितीत होती. पुरुषांच्या शरीराला हात लावणारी, रात्रपाळी करणारी स्त्री म्हणून नर्सकडे उच्चवर्णीय समाज दीर्घ काळ संशयाने पाहत होता, त्यामुळे आपली अब्रू सांभाळणे हा तिच्या व्यवसायाचाच एक भाग झाला होता. पुरुष रुग्णाला मूत्रनलिका, म्हणजे कॅथेटर, घालण्याचे काम अनेक रुग्णालयांत नर्सऐवजी शिकाऊ डॉक्टर, ब्रदर किंवा वॉर्डबॉय करीत. स्त्री रुग्णाचे काम सिस्टर करी. निर्वाणानंतर मूत्रमार्ग आक्रसून लघवी तुंबलेल्या रुग्णाला सर्वांत तातडीने लागते ती नेमकी हीच मदत, आणि ती कोणी करायची हे कोणत्याच वहीत लिहिलेले नव्हते. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवावे, दुसऱ्याने तिसऱ्याला बोलवावे, आणि शेवटी कुतूहलापोटी चार-पाच जण पडद्याआड जमावेत, असा अनुभव समुदायातील कथनांत वारंवार येतो. त्यात दुष्टपणा असेलच असे नाही. नेमून दिलेले काम कोणाचेच नसले की रुग्णाचे तमाशात रूपांतर व्हायला वेळ लागत नाही.

याहून खोल अडचण मनुष्यबळाची होती. आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या 1946 च्या अहवालाने देशात सुमारे 43,000 लोकांमागे एक नर्स असल्याचे नोंदवले. इतक्या अपुऱ्या संख्येत नर्सने करायचे ते इंजेक्शन, ड्रेसिंग, औषधे आणि नोंदी. भरवणे, अंग पुसणे, भांडे देणे, रक्ताची बाटली आणायला धावणे ही कामे नातेवाइकांकडे गेली आणि तिथेच राहिली. परिचर्येची अर्धी वाट नात्यातून जाते, हे भारतीय सरकारी रुग्णालयाचे न लिहिलेले सूत्र होय. ज्याला घराने टाकले आहे त्याच्यापुढे म्हणूनच दुहेरी संकट येते: खाटेजवळ कायद्याला मान्य असे माणूस नाही, आणि जे माणूस आहे, म्हणजे गुरू, गुरुबहीण किंवा चेला, त्याला रुग्णालय नातेवाईक मानत नाही. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर कोणाची सही घ्यायची, डॉक्टरांनी रुग्णाची अवस्था कोणाला सांगायची, मृत्यू झाल्यास देह कोणाच्या ताब्यात द्यायचा, या तिन्ही ठिकाणी हा प्रश्न आडवा येई. आणि अनेकदा वीस वर्षे तोंड न पाहिलेल्या भावाची वाट पाहिली जाई.

दाईकडून होणाऱ्या निर्वाणाच्या जोडीने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही खासगी डॉक्टर गुपचूप अशा शस्त्रक्रिया करू लागले. दक्षिणेतील लेखिका ए. रेवती यांच्या 2010 मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात डॉक्टरकडची शस्त्रक्रिया आणि नंतर गुरूच्या घरचे चाळीस दिवस, असे दोन्ही येते. या मिश्र व्यवस्थेत श्रमविभागणी अशी झाली की, कापणे दवाखान्याकडे आणि सांभाळणे घराकडे. भूल आणि टाके मिळाले, पण शस्त्रक्रियेनंतरची देखभाल, मूत्रनलिका कधी काढावी याचा सल्ला, संप्रेरकांविषयी मार्गदर्शन यांची जबाबदारी कोणी घेतली नाही. कायद्याच्या संदिग्धतेमुळे पैसे आधी मोजायचे, पावती मागायची नाही आणि तक्रार करायची नाही, असा सौदा रूढ झाला. तमिळनाडूने 2008 मध्ये तृतीयपंथीयांसाठी कल्याण मंडळ स्थापन केले आणि पुढे निवडक सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य करण्यास आरंभ केला, तेव्हा प्रथमच तिची नोंद उघडपणे सरकारी कागदावर आली.

दरम्यान एड्सचा काळ आला होता. 1986 मध्ये चेन्नईत भारतातील पहिल्या एचआयव्ही संसर्गाची नोंद झाली, 1992 मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली, आणि ज्या समुदायाकडे रुग्णालयांनी आजवर पाठ फिरवली होती त्याला शोधत कार्यकर्ते वस्त्यांमध्ये जाऊ लागले. मुंबईत 1994 मध्ये समलैंगिकांच्या हक्कांसाठी काम करणारे अशोक राव कवी यांच्या पुढाकाराने हमसफर ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयाशी संबंध जोडले. 1999 मध्ये हिजडा समुदायातूनच दाई वेल्फेअर सोसायटी ही संस्था पुढे आली. या संस्थांनी शुश्रूषेत आणलेली सर्वांत उपयोगी गोष्ट औषध नव्हती, सोबत होती. कार्यकर्ता रुग्णाबरोबर ओपीडीत जाई, केसपेपर काढी, नावाची हाक कशी मारावी हे खिडकीवरच्या कारकुनाला सांगे आणि सिस्टरशी बोलून ठेवी. म्हणजे नातेवाइकाची रिकामी जागा तो काही तासांपुरती भरी. एप्रिल 2004 पासून जे. जे. सह काही मोजक्या सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीची औषधे विनामूल्य मिळू लागल्यावर ही सोबत महिन्यामागून महिने लागू लागली.

एड्स कार्यक्रमाने मोठे काम केले, पण त्याची नजर अरुंद होती. निधी संसर्गासाठी होता, म्हणून रुग्ण संसर्गापुरता मोजला गेला. मधुमेह, क्षय, जुनी मूत्रमार्गाची दुखणी, नैराश्य, दारूचे व्यसन आणि म्हातारपण यांना त्या हिशेबात जागा नव्हती. आणि वॉर्डातल्या कर्मचाऱ्याच्या मनात हिजडा म्हणजे एड्स हे समीकरण पक्के झाले, ते वेगळेच. 1871 च्या कायद्याला या शरीरात नपुंसकत्व हवे होते आणि नव्या कार्यक्रमाला विषाणू, इतका कठोर निष्कर्ष काढण्याचा मोह आवरणे अवघड जाते, जरी दुसऱ्याचा हेतू पहिल्याच्या अगदी उलट होता.

2011 च्या जनगणनेत स्त्री व पुरुष यांखेरीज इतर असा पर्याय प्रथमच मिळाला, आणि देशात 4,87,803 तर महाराष्ट्रात 40,891 व्यक्तींची नोंद त्याखाली झाली. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर निकाल देताना स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि रुग्णालयांत तृतीयपंथीयांना वैद्यकीय सेवा मिळावी म्हणून उपाय करण्याचा आदेश केंद्र व राज्य सरकारांना दिला. तृतीयपंथी व्यक्तींविषयीच्या 2019 च्या कायद्याने आरोग्यसेवा नाकारण्यास मनाई केली आणि वैद्यकीय अभ्यासक्रमाचा फेरविचार, शस्त्रक्रिया व संप्रेरकोपचार यांची सोय सरकारवर सोपवली. 2022 मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या विम्याची तरतूद जाहीर झाली.

महाराष्ट्रात याचा ठळक परिणाम मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दिसला, जिथे फेब्रुवारी 2023 मध्ये तृतीयपंथी रुग्णांसाठी 30 खाटांचा स्वतंत्र वॉर्ड उघडण्यात आला. स्वतंत्र वॉर्डाविषयी दोन मते आहेत. आपल्या माणसांत, शेरेबाजीविना झोपता येते, असे एक मत. तर स्त्री म्हणून जगणाऱ्या व्यक्तीला स्त्रियांच्या वॉर्डात खाट न देता निराळे काढणे म्हणजे व्हरांड्यातल्या जुन्या खाटेलाच छप्पर घालणे होय, आणि पारलिंगी पुरुषाला यातून काय मिळाले, असे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे. परंतु हृदयविकाराच्या रुग्णाला हृदयविकाराच्याच विभागात राहावे लागते, त्यामुळे तिथली परिचारिका तयार होणे स्वतंत्र वॉर्डाने टळत नाही. कल्याण व पुणे येथे मित्र या नावाने चाललेल्या, समुदायातीलच कर्मचारी असलेल्या दवाखान्यांनी वेगळा मार्ग दाखवला होता, पण अमेरिकेची मदत थांबल्यामुळे 2025 च्या आरंभी ते बंद पडले. तमिळनाडूने डिसेंबर 2019 मध्ये एका पारलिंगी स्त्रीची सरकारी सेवेत नर्स म्हणून नेमणूक केली, ही घटना त्या मानाने लहान दिसते. तरी शंभराहून अधिक वर्षे केवळ खाटेवर असलेली व्यक्ती तिच्यामुळे खाटेशेजारी उभी राहिली.

नात्याचा प्रश्न मात्र तुकड्यातुकड्याने सुटतो आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने कोणाही सज्ञान व्यक्तीला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमण्याची मुभा रुग्णाला दिली, आणि तो रक्ताचा असावा अशी अट घातली नाही. त्यामुळे मनोविकाराच्या वॉर्डात दाखल झालेल्या चेल्यासाठी गुरू कायदेशीरपणे उभा राहू शकतो. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून, जवळचे नातेवाईक उपलब्ध नसल्यास मृतदेह जोडीदाराच्या ताब्यात देता यावा असे कळवले. या दोन टोकांच्या मधले जे, म्हणजे हाड मोडून, आतडे फुटून किंवा ताप चढून आलेल्या रुग्णाचे सर्वसाधारण वॉर्ड, तिथल्या संमतिपत्रावर आजही रुग्णाशी असलेले नाते हा रकाना छापलेला असतो, आणि त्यात गुरू असे लिहिलेले चालेल की नाही, हे त्या पाळीला असलेल्या सिस्टरवर आणि डॉक्टरवर अवलंबून असते.